कॉब्लर म्हणजे नक्की कोण? बूट बनवणारा की शिवून देणारा?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय. कमेंटमध्ये सारखं चाललंय, "सर कॉब्लरचा अर्थ सांगा की ओ", तर आज तेवढंच घेऊ.

उच्चार कॉब्लर, कोबलर नाही, स्पेलिंगमध्ये बी दोनदा. अर्थ, चपला-बूट दुरुस्त करणारा. झालं, हे सोपंय.

पण मंडळी, दुरुस्त करणारा! काही डिक्शनरीत बनवणारा पण दिलंय, मान्य, पण रोजच्या इंग्रजीत कॉब्लर म्हटलं की रिपेअरच डोळ्यासमोर येतं. पोरं गाईडमधून "बूट बनवणारा" एवढंच पाठ करतात ना, मला लई वाईट वाटतं.

नवी पेठेत छत्रीखाली बसणारे मामा बघा. सोल सुटला की आधी रापीनं जुना चिकटा खरवडतात, सोल्युशन लावून वाळू देतात, मग आरीनं भोक पाडत मेण लावलेला दोरा ओढतात. हे कॉब्लरचं काम. नवा बूट बनवतो तो शूमेकर.

जुन्या लंडनमध्ये तर नव्या चामड्याचे बूट करणाऱ्याला वेगळं नावच होतं, कॉर्डवेनर, स्पेनच्या कोर्दोबा शहराच्या चामड्यावरून आलेलं. जुनं शिवणारा तो कॉब्लर.

अजून पटत नसेल तर 'कॉबल टुगेदर' घ्या. म्हणजे हाताला लागेल ते घाईत जुळवणं. गड्ड्याच्या यात्रेत ऐनवेळी चार बांबू, एक ताडपत्री आणि शेजाऱ्याचं टेबल जमवून स्टॉल उभा केला, तर वी कॉबल्ड टुगेदर अ स्टॉल. नवं काही घडवलं नाही, आहे तेच जोडलं.

एका ताईंनी लिहिलं, "सरळ चांभार लिहा की". नाही ताई, ते जातीचं नाव आहे आणि कॉब्लर हे कामाचं. त्या समाजातली माणसं डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, आणि माणूस कुठलं काम करतो त्यावरून त्याची जात बोलायची नसते, भाषांतरात तर नाहीच नाही. चपला दुरुस्त करणारे म्हणा, किती सरळंय.

आणि एकानं विचारलं, अमेरिकन रेसिपीत पीच कॉब्लर कसा काय? तो खायचा पदार्थ ओ, खाली फळं, वर मैद्याच्या पिठाचा जाड थर, ओव्हनमध्ये भाजतात.

ब्रिटनमध्ये 'कॉब्लर्स' म्हटलं तर "काहीतरीच फालतू बोलतोय". लंडनच्या यमकाच्या बोलीतून आलंय, मूळ शिवीच, त्यामुळं इंटरव्ह्यूत चुकूनही नको.

एक म्हण पण आहे, लेट द कॉब्लर स्टिक टू हिज लास्ट. इथं लास्ट म्हणजे शेवटचा नव्हे हं, लास्ट म्हणजे फर्मा, पायाच्या आकाराचा, ज्यावर बूट चढवतात. म्हणजे आपल्याला जे कळतं तेवढ्यावरच बोला. "शेवटपर्यंत टिकून राहा" असं भाषांतर बऱ्याच जणांनी पाठवलंय, ते खोडून टाका.