कसरती शिकवणारं विमान: आरडब्ल्यूडी-१७

नमस्कार श्रोतेहो.

पहिल्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या पोलंडमध्ये वॉर्सा पॉलिटेक्निकमधल्या काही तरुणांनी विमानं बांधायला घेतली. रोगाल्स्की, विगुरा आणि द्झेविएत्स्की या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या विमानांना नाव पडलं आरडब्ल्यूडी. १९३२ साली विगुरा आणि वैमानिक झ्विर्को यांनी युरोपातली मानाची ‘चॅलेंज’ विमानस्पर्धा जिंकली, आणि दोनच आठवड्यांत दोघंही वादळात विमान कोसळून गेले. नावातलं विगुराचं अक्षर मात्र सोबत्यांनी तसंच ठेवलं.

पुढच्या काळात वैमानिक शिकवायला त्यांच्याकडे दोन विमानं उपयोगाची होती. आरडब्ल्यूडी-८ हे दोन आसनी, शांत स्वभावाचं, नवशिक्यासाठी केलेलं. आरडब्ल्यूडी-१० हे खास हवाई कसरतींचं, पण एकाच आसनाचं. म्हणजे सरळ उड्डाण गुरूजवळ शिकायचं, आणि उलटंपालटं होण्याची वेळ आली की विद्यार्थी एकटा!

यातला धोका बघा. वेग कमी पडून एका बाजूचा पंख आधी दगा देतो, आणि विमान गरगर फिरत खाली येऊ लागतं. याला स्पिन म्हणतात. जमीन अंगावर येत असताना हात आपोआप विमान हाकायची दांडी पोटाशी ओढतो, आणि तेच घातक. करायचं असतं नेमकं उलटं: फिरण्याच्या विरुद्ध बाजूचं पेडल दाबायचं आणि दांडी पुढं ढकलायची. हे वहीत लिहून अंगवळणी पडत नाही. पहिल्या वेळी मागे कुणी जाणतं बसलेलं हवंच.

ही उणीव भरून काढली आरडब्ल्यूडी-१७ने. ब्रोनिस्वाव झुराकोव्स्कीने हे विमान आखलं आणि १९३७मध्ये ते उडालं. वरती आधारदांड्यांवर पेललेला एकच पंख, खाली एकामागे एक दोन उघडी आसनं. गुरू आणि शिष्य एकाच घिरटीत, एकाच गटांगळीत. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

दिवस मात्र थोडे मिळाले. मोजकीच विमानं तयार झाली आणि सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन आक्रमण झालं. झुराकोव्स्की युद्धातून वाचला. पुढं १९५०मध्ये पोलंडचं पहिलं हेलिकॉप्टर उडालं, तेही त्याच्याच आराखड्यावर बांधलेलं होतं.

नमस्कार.