पॅकअप झाल्यावर खायचं काय

पोरगा म्हणतो मला ॲक्टर व्हायचंय, बाप म्हणतो मग खायचं काय. असल्या सगळ्या व्हिडिओंत हा बाप व्हिलन असतो, आमच्यात नाही. या धंद्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न त्यानंच विचारलाय, फक्त रागात विचारतो म्हणून पोरगं ऐकत नाय.

हे वाईजवळचं मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, आणि वाड्याच्या मागं हा कृष्णेचा घाट. स्वदेस बघितला असेल तर हा घाट ओळखीचा वाटेल. मुंबईवरून पाच-सहा तासांत युनिट इथं पोचतं, नदी आहे, देवळं आहेत, धोम धरणाचं पाणी आहे, त्यामुळं वाईनं पडद्यावर बिहारचं पण काम केलंय आणि यूपीचं पण. शूटिंग आलं की गावात पैसा येतो म्हणतात, येतो पण, फक्त कुणाच्या खिशात जातो ते बघा. वाड्याचं भाडं, गाड्या, जनरेटर, जेवण, लॉजच्या खोल्या, बैलगाडी. गर्दीत उभा राहणाऱ्याला दिवसाची हजेरी मिळते. तो घरी जाऊन सांगतो मी पिक्चरमध्ये काम केलं, आणि बैलगाडीवाला काही सांगत बसत नाय, भाडं मोजून घेतो आणि उद्या किती वाजता येऊ विचारतो.

मग मालिका आल्या. 2017 ला लागिरं झालं जी सुरू झाली आणि आपली सातारी बोली रोज संध्याकाळी घराघरात ऐकू यायला लागली. त्याच्या आधी हाच हेल घेऊन पोरं पुण्या-मुंबईला गेली की ऐकायला लागायचं, आधी भाषा सुधारा. आता त्याच हेलावर काम मिळतं. चांगलंच झालं, पण त्यात एक गोम आहे, एकदा का गावाकडचा म्हणून शिक्का बसला की पुढची दहा कामं सरपंचाचा भाचा नाहीतर हिरोचा मित्र. वकील, डॉक्टर, कंपनीचा मालक करायला कोण बोलवत नाय.

आणि सेटवरचं काम म्हणजे काय ते लोकांना बाहेरून कळत नाही. अर्ध्या तासाच्या एपिसोडमधल्या जाहिराती काढल्या तर बावीसेक मिनिटं उरतात, तेवढं जवळपास एका दिवसात उरकायचं असतं, शिफ्ट बारा तासांची, कधी त्याच्या पुढं. सीनचे कागद बऱ्याचदा सेटवर गेल्यावरच हातात पडतात, मेकअप चालू असतानाच पाठ करायचे, आणि चहाचा कप मागच्या शॉटमध्ये कुठल्या हातात होता ते पण लक्षात ठेवायचं. इथं एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा केलेली पोरं पुढं निघतात, पाठांतराची सवय असते ना. फक्त त्यांना सारखं सांगावं लागतं की आवाज खाली घे बाबा, शेवटच्या रांगेतला माणूस इथं नाही, माइक इथं कॉलरमध्ये आहे. देखणा चेहरा पहिल्या दिवशी उपयोगी पडतो. महिनाभरानं युनिटला तो माणूस प्यारा होतो जो वेळेवर येतो आणि दुसऱ्या टेकमध्ये सीन देतो.

एवढं सगळं केल्यावर पैसे कधी? साधारण तीन महिन्यांनी. हे कुणी रीलमध्ये सांगत नाही. आज काम केलं त्याचं पेमेंट नव्वद दिवसांनी, तोपर्यंत साताऱ्यातली रूम, पेट्रोल, मेस, सगळं आपल्याच खिशातून. त्यात दर गुरुवारी टीआरपी येतो, तो पडला की गोष्टीचा ट्रॅक बदलतो, आणि ट्रॅक बदलला की तुमचं कॅरेक्टर अचानक गावाला जातं ते परत येतच नाही.

म्हणून सयाजी शिंदेंचं उदाहरण देताना लोक जो भाग पटकन उरकतात तिथं आम्ही जरा थांबणार आहे. वेळे कामथीचा शेतकऱ्याचा मुलगा, साताऱ्यात पाटबंधारे खात्यात वॉचमन. सगळे म्हणतात बघा, साधा वॉचमन होता आणि कुठं पोचला. आमचं म्हणणं उलटं आहे, ती नोकरी होती म्हणून नाटक करता आलं. महिन्याला थोडे का होईना पैसे येत होते, घरात धान्य होतं, आणि मिळेल ते काम घ्यायची घाई नव्हती. पुढं झुलवासारखं नाटक, मग हिंदीत शूल, आणि 2000 ला तमिळमध्ये थेट सुब्रमण्य भारती. तमिळ लोकांचा लाडका कवी आणि तो करतोय कोण, तर सातारचा माणूस! गावाकडचा शिक्का असा पुसतात.

आता सांगलीला चला. इथं कुणालाही विचारा नाटक कुठं सुरू झालं, छाती फुगवून सांगणार, आमच्याकडं, 1843, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर. 5 नोव्हेंबरला अजून रंगभूमी दिन असतो, भावे पदक दिलं जातं, भाषणं होतात. पण भाषणात पैशाचा विषय मागं राहतो. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं म्हणून भावेंनी नाटक केलं आणि पाठबळ संस्थानचं होतं. 1851 ला चिंतामणराव गेले आणि तो आधार तुटला. मग भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि 1853 ला मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. नाटक 1843 चं, पण धंदा म्हणाल तर आम्ही हीच तारीख धरू.

याच सांगलीत मास्टर दीनानाथ राहिले, आशाताईंचा जन्म इथला, 1933 चा. दीनानाथांच्या गळ्याबद्दल आपण काय बोलणार. पण बोलपट आले, नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं, त्यांनी पण सिनेमा कंपनी काढून बघितली आणि ती बुडाली. गळा तोच होता, तानेत काही कमी झालं नव्हतं.

हिशेबाला खरे पक्के तमाशावाले. सांगलीजवळ कवलापूर, काळू-बाळूंचं गाव. जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे, स्टेजवर दोघं एकदम आले की कोण काळू आणि कोण बाळू यातच लोक हसून बेजार. फडाचा सीझन दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपल्या की आटपतो. पावसाळ्यात काम नाही. मग कलाकार फडाच्या मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो, घर चालवतो आणि सीझनमध्ये ती फेडतो. उचलीत माणूस अडकतो, कितीतरी जण आयुष्यभर अडकले, त्याचं कौतुक नाहीच करायचं. पण चार महिने काम नसणार हे तिथं पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. मालिकेतल्या पोराला ते सीरियल बंद झाल्यावर कळतं.

आता ज्यांना तरीही जायचंच आहे त्यांच्यासाठी. ऑडिशनला कोण पैसे मागत असेल, कार्ड काढायचं, पोर्टफोलिओ काढायचा, रोल फिक्स करून देतो, तर तिथनं उठून निघायचं, काम देणारा माणूस पैसे मागत नाही. आणि ॲक्टिंगच पाहिजे हा हट्ट जरा बाजूला ठेवता येत असेल तर आर्टमध्ये विचारा, कॉस्च्युममध्ये विचारा, साउंडला, लाइटला विचारा. तिथं हाताखाली माणसं लागतातच, आणि हिरो बदलला तरी इस्त्रीवाला सहसा बदलत नाहीत.