पोंगा, मुनवा आणि बी

(कुंभार्ली घाट. पाऊस.)

कातळाच्या खाचेत, जिथे मूठभर मातीही नाही, तिथे ही उभी आहे. चवई. कुणी कवदर म्हणतं, कुणी रानकेळ. परसातल्या केळीची ही चुलतबहीण. उन्हाळ्यात पानं वाळून जातात, उरतो नुसता गड्डा. मृग बरसला की पुन्हा हिरवी.

(तळहातावर बिया.)

फळात गर जेमतेम, बाकी बी. काळं, टणक, दाताखाली खडा यावा तसं. चवईला मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारी पिलं, फुटत नाहीत. जन्मात एकदाच फुलते, बी देते आणि मरते. म्हणून हिची दोन रोपं कधी अगदी सारखी नसतात.

(वसई. राजेळीची वाडी.)

राजेळीचं उलट. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, होतात ती हिचीच. हिला बी धरत नाही. आजोबांच्या केळीचा मुनवा वडिलांनी लावला, त्याचा मुलाने. म्हणजे झाड तेच, माणसं बदलली. हिच्या पेशीत 33 गुणसूत्रं, 11-11चे तीन संच: दोन एका रानटी जातीकडून आलेले, एक दुसरीकडून.

(प्रयोगशाळा.)

झाड तेच की वेगळं, हे तपासायला लागतो पोंगा, न उलगडलेलं कोवळं पान. खलात उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन ओतला की पान काचेसारखं कडक होतं, बत्त्याखाली त्याचं पीठ होतं. घाई इथेच करावी लागते. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, हे कोकणात पोरालाही ठाऊक. तोच चीक काळा पडला तर डीएनए हाती लागत नाही. मग नळी 65 अंशांच्या गरम पाण्यात, मग क्लोरोफॉर्म, शेवटी गार अल्कोहोल. आणि बघा, नळीत तरंगतोय तो पांढरा धागा.

त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती काढून त्या जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या थरातून, विजेने पळवल्या, की अतिनील प्रकाशात पट्ट्या उजळतात. एकाच मुनव्याच्या वंशातल्या पट्ट्या एका रेषेत येतात, बियांपासून आलेल्यांच्या मागेपुढे सरकतात. वाडीगणिक केळीचं नाव बदलतं, म्हणून नावावर विसंबता येत नाही. पट्टीवर येतं.

एकाच वाणाच्या बागेत झाडं सगळी सारखी, म्हणून ती एकाच रोगाने बसते. 1950च्या दशकात ग्रो मिशेल हे जगभर विकलं जाणारं केळं पनामा मर रोगाने बाजारातून गेलं.

(पुन्हा कडा.)

चवईचा फुलोरा भाजीसाठी कापला, की त्या झाडाचं बी संपलं. या कातळावरचा फुलोरा अजून झाडावर आहे.