रॅम वाढवण्याआधी फोल्डर उघडून बघा

मंडळी, विषय सिंकथिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरची फोल्डर सारखी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे, पण आधी रॅमबद्दलचं माझं भांडण मांडतो. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, कॉम्प्युटर रखडला की एकच सल्ला मिळतो : "रॅम टाका."

माझ्या मेहुण्याचं अक्कलकोट रोडला टॉवेलचं युनिट आहे. ऑफिसातला, डिझायनरचा आणि मागाजवळचा, असे तीन कॉम्प्युटर. तिन्हींवर डिझाइनचं फोल्डर सिंकथिंगनं सारखं ठेवलेलं. पेनड्राइव्ह घेऊन पळायचं थांबलं, इथवर उत्तम. मग डिझायनरचं मशीन अडायला लागलं. दुकानदारानं चारची आठ जीबी केली. फरक शून्य. तर म्हणाला, सोळा करा! मला याचा खरोखर राग येतो. टास्क मॅनेजर उघडायला कितीसा वेळ लागतो? उघडला, तर निम्मी रॅम मोकळी आणि डिस्क शंभर टक्के कामात गुंतलेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग फोल्डर उघडलं. 'मोर बॉर्डर फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन', आणि प्रत्येकीच्या ऑटोसेव्हच्या, म्हणजे आपोआप जतन होणाऱ्या, ढिगानं प्रती. सिंकथिंग प्रत्येक फाइलचे १२८ केबी ते १६ एमबीचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे ओळख पटवणारा ठसा, काढतं आणि सगळी नोंद डेटाबेसमध्ये ठेवतं. फाइली वाढल्या की नोंदी वाढतात, लागणारी मेमरीही वाढते. जुन्या हार्ड डिस्कवर तर ही तपासणी सगळं मशीन अडवते. मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर हात बसलेली माणसं इथे समोर बसली आहेत. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. बाद कार्ड तुम्ही माळेत कधी ठेवलं होतं का? मग बाद फाइल फोल्डरात का ठेवायची?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, म्हणजे जे सांगायला बोलावलं ते आता भराभर सांगतो. ऑटोसेव्हच्या फाइली 'इग्नोअर पॅटर्न्स'मध्ये, म्हणजे सिंकथिंगनं वगळायच्या फाइलींच्या यादीत टाका. ही यादी आपोआप दुसऱ्या मशीनवर जात नाही, तिन्हीकडे स्वतंत्र भरा. पूर्ण तपासणी मुळात दर ३६०० सेकंदांनी होते. बदलांवर लक्ष ठेवणारा वॉचर चालू असेल तर ती ८६४०० करा, म्हणजे दिवसातून एकदा. फोल्डर बरीच असतील तर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मॅक्स फोल्डर कन्करन्सी' १ करा, मग हार्ड डिस्कवर एका वेळी एकाच फोल्डरचं काम चालेल. ब्राउझरमधलं सिंकथिंगचं पान दिवसभर उघडं ठेवू नका, तेही प्रोसेसर खातं. पैसे घालायचेच असतील तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घ्या आणि डेटाबेस तिच्यावर हलवा. पहिली तपासणी मात्र जड जाणारच, ती रात्री माग बंद झाल्यावर लावा. मेहुण्याकडे ऑटोसेव्ह वगळल्यावर डिस्कवरचा ताण खाली आला. सोळा जीबीचं कोटेशन अजून त्याच्या टेबलावर आहे, त्यावर सही करू नका म्हणून सांगितलंय.