पाणी गेलं, कळा नाहीत. मग बाळाचं काय?

रात्रीचे अडीच वाजलेत. नववा महिना भरत आलाय. कूस बदलताना गादी ओली लागते. आधी वाटतं, लघवीच झाली. उठून उभं राहिलं की पायांवरून कोमट पाणी ओघळतं आणि थांबतच नाही. पोटात कळ मात्र एकही नाही. घरातली मोठी बाई म्हणते, "कळा येऊ देत, मग निघू."

नमस्कार! आज हे "मग निघू" जरा तपासून बघू.

पाणमोट फुटली, म्हणजे बाळाभोवतीची पिशवी फाटली. दिवस भरलेल्या शंभरातल्या साधारण आठ जणींचं कळांआधीच पाणी जातं. "बाळ कोरडं पडेल" ही भीती सोडा. या दिवसांत ते पाणी म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी, ती बनत राहते. खरी काळजी जंतूंची. पिशवी फाटली की त्यांना वर चढायला वाट मिळते.

मग बाळाला धोका किती? 1996 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा देश, दिवस भरलेल्या 5,041 बायका. काहींना लगेच कळांचं औषध दिलं, काहींना चार दिवसांपर्यंत थांबू दिलं. बाळांना संसर्ग? सगळ्या गटांत दोन ते तीन टक्के, म्हणावा असा फरक नाही. सिझरचं प्रमाणही सारखंच. पण सलाईनमधून लगेच कळा आणलेल्या आयांना संसर्ग कमी झाला. आणि थांबलेल्या बायका ताप मोजत, पाण्याचा रंग बघत, डॉक्टरांच्या नजरेखाली थांबल्या होत्या. आपल्याकडचं "सकाळी बघू" म्हणजे ते थांबणं नव्हे!

आता आठवडा बदला. 34 ते 37 आठवड्यांमध्ये पाणी गेलं तर? 2016 चा अभ्यास सांगतो, लगेच प्रसूती केलेल्या बाळांपैकी 8 टक्क्यांना श्वासाचा त्रास झाला, थांबलेल्यांत 5 टक्क्यांना. जंतुसंसर्गात मोठा फरक नव्हता. म्हणून आई-बाळ ठीक असतील तर इथे डॉक्टर "थोडं थांबू" म्हणू शकतात. ती चालढकल नाही, फुप्फुसांना दिलेला वेळ आहे.

34 च्या आत असेल तर गोष्ट मेंढ्यांपासून सुरू होते. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू फार लवकर जन्मलं. ते जगायला नको होतं, पण ते श्वास घेत होतं. 1972 मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी आयांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. आज आपल्याकडे बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी, दिली जातात. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातली एएनएम ताईही देऊ शकते, तशा केंद्र सरकारच्या सूचना 2014 पासून आहेत. सिस्टर सुई घेऊन आल्या तर "आत्ता नको" म्हणू नका.

आणि हो, घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. 2001 च्या एका मोठ्या चाचणीत, दिवस भरण्याआधी पाणी गेलेल्या आयांना को-अमॉक्सिक्लॅव्ह दिल्यावर बाळांमध्ये आतड्याचा गंभीर आजार जास्त दिसला. औषध कोणतं, हे डॉक्टरच ठरवतील.

(कॅमेऱ्यासमोर पांढरा पॅड धरून)

असा साधा पांढरा पॅड लावा. पाणी पारदर्शक किंवा किंचित गुलाबी असलं तरी दवाखाना गाठायचाच. हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केली असू शकते, मग एक मिनिटही घालवू नका. वास येतोय, ताप आहे, रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, तेव्हाही तसंच. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे-कोपरांवर ओणवं व्हा, कंबर वर ठेवा, नाळ आत ढकलू नका, 108 ला फोन करा. कळा नसताना आतून वारंवार तपासणी नको. दर वेळी जंतू आत जाण्याची शक्यता वाढते.

निघण्याआधी एकच काम. फाइलच्या मागे वेळ लिहा : 2.30. पाणी जाऊन 18 तासांहून जास्त झाले असतील तर बाळावर जास्त बारीक लक्ष ठेवतात : दूध ओढतंय का, अंग गार पडतंय का, श्वास जोरात चाललाय का. बाळंतपणानंतर बालरोगतज्ज्ञ विचारतीलच, "पाणी किती वाजता गेलं?" तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.