‘निरंक’ची किंमत

(दृश्य : वाळूज औद्योगिक वसाहत. रात्रपाळी सुटते आहे. गेटबाहेर चहाच्या गाड्यावर गर्दी.)

रांजणगाव शेणपुंजी. नावाला गाव. वाळूजच्या कारखान्यांना लागून वाढत गेलेलं, एकेका खोलीत चार-चार पोरं राहतात असं. पोरं येतात ती जिंतूरहून, सेनगावहून, परतूरहून, गेवराईहून. कुणी बारावी, कुणी आयटीआय. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू. सोयाबीनला बरा भाव लागला असता तर यातली निम्मी इथं आलीच नसती.

कंपनीच्या गेटाआधी ठेकेदाराचं टेबल लागतं. त्या टेबलावर कागद मांडायचे : आधार, पॅन, बँकेचं पासबुक, दोन फोटो. आणि आता बहुतेक ठिकाणी पाचवा कागद, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला.

पोरं त्याला ‘कॅरेक्टर’ म्हणतात.

“कॅरेक्टर काढलं का रे?”

“काढायलो की. ठाण्यातून फोनच येईना.”

ऐकताना हसू येतं. पण त्या दाखल्यात असतं काय, ते बघा. नाव, पत्ता, फोटो, आणि मुद्द्याची गोष्ट एकच : या इसमाविरुद्ध आमच्या अभिलेखात गुन्हा नोंद नाही. ‘काही नाही’ यासाठी सरकारी मराठीत एक देखणा शब्द आहे. निरंक. पावसाची नोंद निरंक, साथरोगाचा अहवाल निरंक, गुन्ह्यांची माहिती निरंक. कामगाराला स्वतःच्या पैशाने विकत घ्यावा लागतो तो शेवटचा.

(दृश्य : गल्लीतलं ई-सेवा केंद्र. दोन संगणक, एक झेरॉक्स यंत्र, बाकड्यावर पाच-सहा जण.)

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरायचा. कागद स्कॅन करून चढवायचे, फी ऑनलाइन भरायची. मग अर्ज तुमच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथला अंमलदार नोंदी तपासतो, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकजाळ्यात नाव टाकून बघतो, बोलावून सही घेतो. तिथून अहवाल अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात, आणि मग दाखला.

सरकारी फी शंभर-सव्वाशे रुपये. एवढ्यासाठी माहितीपट कशाला, असं कुणी म्हणेल. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

आता तोच हिशेब पोराच्या खिशातून मांडू. अर्ज भरून देणाऱ्याचे वेगळे पैसे, कारण मोबाइलवर फोटो चढवताना साइट अडकते. पासपोर्ट साइज फोटो वेगळे. आधारवर पत्ता गावाचा, म्हणजे बोलावणं येणार ते वाळूजच्या नाही, जिंतूर नाहीतर सेनगावच्या ठाण्यातून. एसटीने जायचं, एसटीने यायचं. साहेब बंदोबस्तावर गेले असतील तर मुक्काम करायचा. दोन दिवस खाडा. मराठवाड्यात दिवसाची सगळ्यात खालची सरकारी मजुरी कोणती, तर रोजगार हमीची. २०२५-२६ साली ती ३१२ रुपये होती. तीच धरली तरी दोन दिवसांचे ६२४ होतात. फीच्या पाचपट, आणि त्याची पावती कुणी देत नाही.

शिवाय दाखल्याच्या आजूबाजूचं सगळं महागत गेलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याने शंभर-दोनशेच्या मुद्रांकाचा किमान दर पाचशेवर नेला. सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, हे खरं. पण ठेकेदार जो बाँड लिहून घेतो, तो पाचशेच्याच कागदावर होतो. २०२५ च्या जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. एप्रिलमध्ये आपले सरकार केंद्रांवरचं सेवा शुल्क २० रुपयांवरून ५० झालं. पत्त्यासाठी रहिवासी दाखला मागितला की तो तिथूनच. एकेक वाढ सुटी बघितली तर किरकोळ. पण ती सगळ्यांची सगळी एकाच पोराच्या वाट्याला, एकाच आठवड्यात येते.

परदेशी जायचं असेल तर वाट वेगळी. तिथं पासपोर्ट खात्याकडून पोलीस क्लिअरन्स लागतो. त्याची फी ५०० रुपये. मराठवाड्यातून आखातात जाणारे ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, सुतार आणि रुग्णालयांत जाणाऱ्या परिचारिका हे सगळे त्या रांगेतले. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत हा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात घेतच नसत. लांबच्या मोठ्या शहरातलं पासपोर्ट सेवा केंद्र गाठावं लागायचं. २८ सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या केंद्रांत तो घ्यायला लागले, आणि नांदेडच्या माणसाचा रात्रभराचा प्रवास वाचला. फी एका रुपयाने न उतरवताही सरकारला खर्च उतरवता येतो, तो असा.

(दृश्य : शाळेची बस. चालक चाकांना पाणी मारतो आहे.)

दाखल्याची मागणी वाढते आहे, आणि ती वाढायला कारणं आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतला प्रकार उघड झाला आणि शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचा आग्रह राज्यभर वाढला. बसचालक, शिपाई, मदतनीस मावशी, सगळे आले त्यात. ज्याच्या हाती लेकरू सोपवायचं त्याची चौकशी झालीच पाहिजे. यावर वाद घालायला आम्ही आलेलो नाही. आमचा प्रश्न कोत्याच हिशेबाचा आहे : चौकशी हवी आहे मालकाला, तर बिल नोकराच्या नावावर का फाटतं?

सुरक्षारक्षकांचं घ्या. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. रक्षकाच्या चारित्र्याची खात्री करून घ्यायची जबाबदारी त्यात एजन्सीवर टाकली आहे. प्रत्यक्षात एजन्सी म्हणते, “कॅरेक्टर घेऊन ये, मग बघू.” जबाबदारी खाली सरकत सरकत गणवेशही न मिळालेल्या माणसापर्यंत येते. त्यात नवा ठेकेदार जुना दाखला घेत नाही. दरवर्षी ठेका बदलतो, दरवर्षी माणूस नव्याने निर्दोष व्हायला निघतो.

(दृश्य : पडद्यावर अंगठ्याचा ठसा मोठा होत जातो. रेषा, वळसे, शंख, चक्र.)

इथपर्यंतची सगळी पडताळणी नावावर चालते. आणि नाव ही काही फार खात्रीची वस्तू नाही. आपल्याकडे एका भावकीत एकच आडनाव, दर दुसऱ्या घरी एक ज्ञानेश्वर, आणि त्यातल्या तिघांच्या वडिलांचं नावही सारखंच. एकाने बांधावरून मारामारी केली, तर उरलेल्या दोघांना ‘तो मी नव्हे’ हे ठाण्यात जाऊन सांगावं लागतं.

बोटांच्या ठशांत ही गफलत होत नाही. म्हणून काही देशांत नोकरीची तपासणी थेट दहा बोटांवर होते. अमेरिकेत एफबीआयकडून स्वतःची नोंद मागवायची तर १८ डॉलर लागतात, म्हणजे आपले दीड हजारांच्या घरात. कॅलिफोर्नियात शाळेत किंवा वृद्धाश्रमात काम धरायचं, तर राज्याच्या न्याय खात्याचे ३२ डॉलर, एफबीआयचे वरून १७, आणि ठसे यंत्रावर उमटवून घेणाऱ्याचा आकार तिसराच. एका बोटाला तीन खिसे. ही फी कुणी भरायची, यावर तिथंही कुरबुर असतेच.

आपल्याकडे यंत्रणा उभी राहिली आहे, पण ती गुन्हेतपासासाठी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नॅफिस ही देशभरच्या ठशांची प्रणाली सुरू झाली. अटक झालेल्या माणसाला त्यात दहा आकडी क्रमांक मिळतो. त्याच महिन्यात फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला. त्यानुसार ठसे आणि इतर मापं ७५ वर्षं जपून ठेवता येतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर ती पुसायची तरतूद आहे. उद्या नोकरीचा दाखलाही बोटांवर आला, तर नावाचा घोळ संपेल. मग सुरू होईल हातांचा.

(दृश्य : धारूर तालुक्यातलं रेशन दुकान. ई-पॉस यंत्र. रांग.)

हे हात बघा. पन्नाशीचे गवंडीमामा. सिमेंट आणि चुन्याने बोटांच्या रेषा झिजून गेल्यात. त्यांच्या मागे एक जोडपं. दसरा झाला की हे ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाची उचल घेऊन कारखान्याला जातात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या बांधून बांधून बाईच्या बोटांना चिरा पडल्यात.

“मामा, अंगठा केसांवरून फिरवा जरा.”

“फिरवला की रे बाबा. आता काय कातडं सोलून देऊ?”

डोक्याचं तेल बोटाला लागलं की यंत्र कधीकधी वाचतं. हा शोध कुठल्या प्रयोगशाळेत लागलेला नाही, रेशनच्या रांगेतच लागला. तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदा नाही. पाचव्या खेपेला मधल्या बोटावर यंत्राने मान डोलावली. धान्याच्या रांगेत पाच वेळा अंगठा लावता येतो, पैसे पडत नाहीत. प्रत्येक खेपेला फी असती तर? ठसे उमटले नाहीत म्हणून परत पाठवलेल्या माणसाकडून दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे की नाही, हे नियम करणाऱ्याने आधी ठरवायला हवं. कारण ज्यांना हा दाखला सगळ्यात जास्त लागणार, त्यांच्याच बोटांवर रेषा सगळ्यात कमी उरल्यात.

(दृश्य : जुनं खरेदीखत. तळाशी शाईचा काळा ठिपका.)

‘निशाणी डावा अंगठा.’ आपल्या आज्या-पणज्यांची सही हीच. लिहिता न येणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणत आलो. पण अंगठ्याची गोष्ट त्याहून जुनी, आणि योगायोग असा की आपल्याकडे तिची सुरुवात एका ठेक्यातूनच झाली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर उठवून घेतला. हेतू एवढाच की उद्या हा माणूस शब्दाला फिरू नये. पुढे १८९७ साली कोलकात्यात ठशांचं सरकारी केंद्र निघालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन अंमलदारांनी ठशांची वर्गवारी १,०२४ कप्प्यांत बसवून दिली. नाव मात्र झालं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. ती पद्धत आजही हेन्री पद्धत म्हणूनच ओळखली जाते.

मराठवाड्यात या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काही केलं असो वा नसो, नोंद, हजेरी, पुढे ठसेही. निजामाच्या राज्यातही असाच स्वतंत्र कायदा होता, आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यात. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. कागदावर.

बीड, धाराशिव, लातूरकडच्या पारधी वस्त्यांवर आजही पोराला विचारा, की चारित्र्याचा दाखला काढायला ठाण्यात जाशील का? तो फीचं बोलत नाही. तो विचारतो, बरोबर कोण येणार? काळे, पवार, भोसले, शिंदे ही त्यांची आडनावं, सगळ्या महाराष्ट्राचीच. आडनावावरून कुणी ओळखत नाही, वस्तीचं नाव सांगितलं की खुर्चीतल्या माणसाचा आवाज बदलतो. अशा पोरासाठी दहा बोटांची पडताळणी सुटकाही ठरू शकते : वस्ती नाही, जात नाही, फक्त रेषा. आणि त्याच्याच आजोबांच्या आठवणीत शाईने काळी झालेली बोटं म्हणजे काय, हेही त्याला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि यातून बाहेर पडायची सोपी वाट आम्हाला तरी दिसली नाही.

दुसरीकडे, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी ठाण्याची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतही आता हा प्रश्न आलाय. २०२३ साली अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर मराठा आरक्षणाची आंदोलनं पेटली, तेव्हा मराठवाड्यात बऱ्याच तरुणांवर गुन्हे दाखल झाले. गुन्हे मागे घ्या ही मागणी पुढच्या उपोषणांत होत राहिली, ती उगाच नाही. खटला चालू असेपर्यंत दाखल्यावर निरंक येत नाही. फी मात्र तेवढीच.

(दृश्य : पुन्हा रांजणगाव. संध्याकाळ. तेच ई-सेवा केंद्र.)

सेनगावकडचा एक पोरगा प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढतो आहे. तीन दाखले, तीन वर्षांचे, तीन ठेकेदारांसाठी काढलेले. तिन्ही निरंक. चौथ्या ठेकेदाराने नवा मागितलाय, सोमवारपर्यंत.

“दादा, हा मागच्या सालचाच है. ह्याचीच झेरॉक्स देऊन भागंल का?”

“नाही भागत. तारीख बघतेत ते.”

“गावाकडंच जावं लागंल मग?”

“आधारवर पत्ता कुठला आहे?”

“गावाकडचा.”

केंद्रवाला काही बोलत नाही. संकेतस्थळ उघडतो, नावाच्या रकान्यात टाइप करायला लागतो. पोरगा खिशातून पाचशेची नोट काढून काउंटरवर ठेवतो आणि मोबाइलवर उद्या पहाटेच्या हिंगोली गाडीची वेळ बघतो.