डाव्या कोपऱ्यावरून

नमस्कार श्रोतेहो.

बँकेत लागण्याआधी मी आठ वर्षं कबड्डी खेळले. डाव्या कोपऱ्यावर. सात जणींच्या साखळीत कोपऱ्यावरचीचं काम एकच. चढाईला आलेलीचा पाय बोनस रेषेकडे सरकला की घोटा धरायचा. सोपं वाटतं, पण घोटा हातात आल्यावर पुढचा अर्धा क्षण तुम्ही एकट्या असता. शेजारची कव्हर, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभी असलेली, तेवढ्यात तिच्या अंगावर आली नाही, तर समोरची तुम्हाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेते.

आणि इथेच खरी गोम आहे. पकड सुटून तिने मध्यरेषा गाठली, तर त्या पकडीत हात घातलेल्या सगळ्या जणी बाद. म्हणजे मदतीला धावणारी आपली जागा पणाला लावूनच धावते. लांब उभी राहिली, तर तिचं काहीच जात नाही. आमचे सर घोटा सुटला म्हणून कधी कुणाला बोलले नाहीत. बोलणी खायची ती, जी दोन पावलांवर उभी राहून बघत राहिली.

बँकेत आल्यावर मला हेच दिसलं, फक्त मैदान बदललं होतं. आमच्याकडे मोठ्या रकमेचा कुठलाही व्यवहार एकट्याने पुरा होत नाही. एक जण नोंद करतो, दुसरा तपासून पास करतो. मेकर आणि चेकर. तिजोरीच्याही किल्ल्या दोन, दोघांकडे. नवीन मुलांना हे जाचक वाटतं. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं एकाने मला तोंडावर विचारलं होतं. मी त्याला सांगितलं, अरे, साखळीत शेजारणीचा हात आपण धरतो तो ती पळून जाईल म्हणून का?

हे मी आज ठामपणे सांगते, पण शिकले ते ठेच लागून. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. आमच्यातले एक अतिशय काटेकोर, वयाने मोठे सहकारी नोंद करायचे आणि मी पास करायचे. एका दुपारी काउंटरसमोर गर्दी होती. त्यांनी आरटीजीएसची, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पाठवायची, नोंद केली, मी रक्कम पाहिली, नाव पाहिलं आणि पास केली. खाते क्रमांक पाहिलाच नाही. ‘दादांनी केलंय म्हणजे बरोबरच असणार.’ एक आकडा चुकला होता. पैसे जमा व्हायचे ते खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. चार लाख रुपये भलत्याच्या खात्यात गेले आणि परत यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस दादा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. चूक त्यांची होती, पण त्यांना एकटं सोडलं होतं मी. आदरापोटी न तपासणं हा आदर नव्हताच. कव्हर जागेवर उभी होती, एवढंच.

याचं फार मोठं रूप जगाने 1995 साली पाहिलं. बेरिंग्ज ही लंडनची बँक, 1762 सालची. तिच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन नावाचा तरुण सौदे करायचा, आणि त्याच सौद्यांची मागची जुळवणी आणि हिशेबही त्याच्याच हाताखाली. 88888 क्रमांकाच्या खात्यात तो तोटा लपवत गेला. 1994 मध्ये अंतर्गत तपासनिसांनी ही दोन कामं वेगळी करा असं सुचवलं होतं, पण ते झालं नाही. लंडनला कागदावर नफा दिसत होता आणि नफा आणणाऱ्याला अडवायचं कोणी? 17 जानेवारी 1995 ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, लीसनने ज्यावर सौदे लावले होते तो जपानचा शेअर बाजार कोसळला आणि फेब्रुवारीअखेर बँक बुडाली. तोटा 82 कोटी 70 लाख पौंडांचा. आयएनजी या डच बँकेने ती एका पौंडाला घेतली.

लीसनने पुढे सांगितलं, की त्या खात्यातला पहिला लपवलेला तोटा एका नवख्या सहकारी मुलीच्या चुकीचा होता. खरेदीऐवजी विक्री झाली होती आणि तोटा सुमारे 20 हजार पौंडांचा. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबले. त्या दिवशी ती चूक उघड सांगितली असती, तर ओरडा बसला असता आणि विषय तिथेच मिटला असता. तिला वाचवलं असंही तेव्हा वाटलं असेल. पण चूक झाकणं ही मदत नव्हे. मदतीला येणारा उघड्यावर येतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आता परवाचाच प्रसंग सांगते. संध्याकाळी कॅश जुळेना. 3,600 रुपये जास्त. कमी भरले की खिशातून जातात म्हणून सगळे घाबरतात. जास्तीचे मात्र गुपचूप ड्रॉवरमध्ये सारता येतात, कुणाला कळत नाही. आमची कॅशियर नोकरीत नवी, जेमतेम चार महिन्यांची. कबड्डीत स्पर्श झाला की चांगली खेळाडू पंचांच्या शिट्टीची वाट पाहत नाही, आपणच हात वर करून बाहेर जाते. ही मुलगी खुर्चीतून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘माझ्याकडून काहीतरी झालंय.’

बॅगा खांद्याला लावलेले तिघे परत फिरले. फरकाला नऊने भाग जातो, म्हणजे आकडे उलटसुलट पडले असतील, हा आमचा जुना ठोकताळा. स्लिपांचे गठ्ठे वाटून घेतले. शिपाईकाकांनी न सांगता चहा आणला. अर्ध्या तासाने एक स्लिप सापडली. भरणा 8,400 चा, नोंद 4,800 ची. ती सापडली कर्ज विभागातल्या माणसाला, ज्याचा कॅशशी काडीचा संबंध नव्हता.

नमस्कार.